चित्रातले बगळे मोजता येतात, मग बेरीज का अडते?

देवगडकडच्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी साडेपाच वर्षांची, येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. पन्नासपर्यंत आकडे घडाघडा म्हणते. वहीत तीन बगळे, अधिकचं चिन्ह आणि दोन बगळे असं चित्र असलं की खाली बरोबर ५ लिहिते. पण चित्र न देता नुसतं ३ + २ लिहिलं की गप्प बसते, नाहीतर तोंडाला येईल तो आकडा सांगते. चित्रांची सवय लागल्यामुळे असं होतंय का, चित्रं बंद करून बेरजा पाठ करून घ्याव्यात का, असं आईने विचारलं आहे.

चित्रं बंद करू नका. पाठही करून घेऊ नका, निदान आत्ता तरी. चित्र वापरायची रीत मात्र बदलायला हवी. मी एकोणतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली-दुसरी शिकवली, त्यातली बरीचशी मालवण आणि देवगड तालुक्यांतल्या किनाऱ्यावरच्या गावांत. तुमच्या लेकीसारखी मुलं माझ्या वर्गात दर वर्षी असायची. त्यांच्यात काही कमी नसतं. आपण त्यांना बेरीज करायची वेळच येऊ देत नाही, एवढंच.

वहीतल्या त्या चित्रात पाचही बगळे तिच्या डोळ्यांसमोर उभे आहेत. ती पहिल्यावर बोट ठेवते आणि पाचव्यापर्यंत मोजत जाते. उत्तर बरोबर येतं, आपण शाबासकी देतो. पण तिने बेरीज कुठे केली? मधलं अधिकचं चिन्ह पुसून टाकलं असतं तरी तिने तेच केलं असतं. तीन हा एक गठ्ठा, दोन हा दुसरा गठ्ठा आणि दोन्ही मिळून पाच, हे तिच्या मनात झालेलंच नाही. म्हणून बगळे उडाले की तिच्या हाती काही उरत नाही.

आज संध्याकाळी एवढं करून बघा. पाटीवर तीन बगळे काढा. चांगले यायची गरज नाही, उलटा दोन, एक चोच आणि दोन काड्यांचे पाय पुरतात. तिला मोजू द्या. ती 'तीन' म्हणाली की त्यांच्यावर तुमचा तळहात ठेवा. आता हाताच्या शेजारी आणखी दोन बगळे काढा आणि विचारा, 'सगळे मिळून किती?' मग गप्प राहून बघत बसा. काही मुलं आपला हात उचलायला बघतात, कारण बगळे दिसल्याशिवाय त्यांना मोजताच येत नाही. काही मुलं हाताच्या पाठीवर बोट आपटत 'एक, दोन, तीन' म्हणतात आणि मग बाहेरच्यांवर 'चार, पाच'. हे दिसलं तर मनातून खूश व्हा. झाकलेले बगळे तिला आता मनात दिसायला लागले आहेत. आणि काही मुलं हाताकडे बघून नुसतं 'तीन' म्हणतात आणि बाहेरच्या दोघांवर 'चार, पाच' म्हणून मोकळी होतात. ती खरी बेरीज. पहिल्या पायरीवरून तिसरीवर जायला काही मुलांना आठवडा लागतो, काहींना चार महिने. तुमची लेक पहिल्या पायरीवर आहे असं पत्रावरून वाटतं.

त्याआधी आणखी एक गोष्ट तपासा. तिला सांगा, 'मला सात चिंचोके आणून दे.' तिने मोजून बरोबर सात आणले आणि थांबली, तर पुढे जायला हरकत नाही. मूठभर उचलून आणले किंवा मोजता मोजता सातवर थांबायचंच विसरली, तर पन्नासपर्यंत म्हणणं हे अजून गाणंच आहे. मोजून झाल्यावर 'मग किती आहेत?' असं विचारलं की काही मुलं पुन्हा एकपासून मोजायला लागतात. शेवटचा उच्चारलेला आकडा म्हणजे सगळ्यांची संख्या, हे त्यांना उमगलेलं नसतं. ते उमगेपर्यंत बेरजेला हात लावू नका. बांगडे, काजूचे बोंडू, पायऱ्या, जे मिळेल ते मोजत राहा.

आता चित्रांविषयी. वस्तू हाताळण्यापासून थेट आकड्यांवर उडी मारली की मुलं पडतात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात हेच नीट मांडून ठेवलं आहे: शिकणं आधी हातातून होतं, मग चित्रातून, मग चिन्हातून. चित्र हा मधला साकव, म्हणजे छोटा पूल आहे. आपल्या कोकणाला तर हे कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नव्हती. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीच्या किनाऱ्यावर ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघांना सोबत घेऊन शंख, शिंपले, पानं, बिया, खडे हेच शिकवायचं साहित्य केलं. १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अंगणवाडी हा शब्द आज आपण सहज वापरतो, त्याची मुळं त्या कामात आहेत.

वस्तू एवढ्या चांगल्या, तर चित्रं तरी कशाला? आमच्याकडे याचं एक अगदी साधं कारण होतं: पाऊस. शाळा जूनच्या मध्याला उघडते आणि तेव्हा मुलांना समुद्राजवळ न्यायची सोय नसते. किनाऱ्यावर खेकडे बघायला जायचं ते दिवाळीनंतर. तोवर वर्गात बसून खेकडे हवेत, तर ते काढावे लागतात. पण चित्राचा याहून मोठा उपयोग मला पुढे कळला. चिंचोका हा चिंचोकाच राहतो, तो कुठे येत नाही की जात नाही. चित्रात मात्र बगळा उडत येतो, खेकडा बिळातून बाहेर पडतो, करवंद टोपलीत पडतं. बेरीज म्हणजे काहीतरी घडणं आहे, आणि ते घडणं चित्रात दाखवता येतं.

हे मला एका मुलाने शिकवलं. मी फळ्यावर बीळ काढलं होतं, बिळाच्या तोंडाशी तीन खेकडे आणि थोड्या अंतरावर आणखी दोन. विचारलं, 'किती खेकडे झाले?' बाकीचे 'पाच, पाच' ओरडले. हा मुलगा मात्र म्हणाला, "बाई, तीनच. ते दोन चलले." मी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तेव्हा फळ्याकडे नीट पाहिलं. ते दोन खेकडे मी बिळाकडे पाठ करून, फळ्याच्या कडेला तोंड करून काढले होते. त्याच्या वडिलांची होडी होती, तो रोज वाळूत असायचा. त्याला ते दोन खेकडे निघून जाताना दिसत होते. त्याचं गणित बरोबर होतं, माझं चित्र चुकलं होतं. त्या दिवसापासून बेरजेच्या चित्रात मी येणाऱ्याचं तोंड नेहमी आधीच्या घोळक्याकडे करते. बगळे येत असतील तर पंख पसरून, पाय खाली सोडून. वजाबाकीच्या वेळी तोंड बाहेर. मुलं हे आपल्यापेक्षा आधी टिपतात.

बाजारात मिळणाऱ्या वह्यांत हे सांभाळलेलं नसतं. त्यांत सफरचंदं, स्ट्रॉबेऱ्या, टोपी घातलेला बर्फाचा माणूस असतो. सफरचंद मुलांना माहीत नाही असं नाही, देवगडच्या बाजारातही ते मिळतं. पण वहीतलं सफरचंद काहीच करत नाही. तीन इथे, दोन तिथे, मध्ये चिन्ह. तेच तीन बोंडू झाडाला आणि दोन खाली पडलेले काढले, तर मूल आपोआप गोष्ट सांगायला लागतं: वारा आला, दोन पडले, झाडावर तीन राहिले, पहिल्यांदा पाच होते. एकाच चित्रातून बेरीज आणि वजाबाकी दोन्ही निघाल्या, आणि त्या दोघी एकाच घरातल्या आहेत हे न सांगता कळलं.

म्हणून माझा नियम असा: आकडा शेवटी, गोष्ट आधी. चित्र समोर ठेवून 'किती?' असं लगेच विचारू नका. 'काय चाललंय?' असं विचारा. ती तिच्या बोलीत सांगेल. मालवणीत सांगितलं तर मालवणीत ऐका, त्या क्षणी भाषा सुधारत बसू नका. "दोन बगळे बसलेले, मगे तीन इले" हे संपूर्ण गणिती वाक्य आहे. आधी किती, मग काय झालं, किती आले, सगळं त्यात आलं. हे वाक्य तिला चित्राशिवायही सांगता आलं की अर्धं काम झालं.

आता झाकण्याकडे परत येते, कारण खरी मेख तिथे आहे. पाटीवर हात ठेवला तसं प्रत्येक चित्रात झाकायची काहीतरी सोय ठेवा. मी जुन्या लग्नपत्रिका जमवायची. त्यांची मागची बाजू कोरी असते, कागद जाड असतो. एका पत्रिकेवर खडक काढायचा, त्यावर चार कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले. दुसरी पत्रिका म्हणजे लाट. लाट आली, खडक झाकला. आता बाजूच्या खडकावर दोन कालवं दिसतात. 'लाटेखाली किती होती? चार. मग सगळी किती?' लाट ओसरली की मुलं स्वतःच पडताळा घेतात. 'बरोबर' किंवा 'चूक' मला म्हणावं लागत नाही. मूल उत्तरासाठी आपल्या तोंडाकडे बघतं ती सवय याने सुटते, आणि मला त्याचं मोल फार वाटतं.

इथे एक चूक हमखास होते, ती ओळखून ठेवा. चार झाकले, दोन बाहेर. मूल बाहेरच्या पहिल्यावर बोट ठेवून म्हणतं 'चार', दुसऱ्यावर 'पाच'. उत्तर पाच. झाकलेल्यांचा चार आणि बाहेरच्या पहिल्याचा चार असा एकच आकडा दोनदा वापरला गेला. त्यावर रागावून किंवा पुन्हा मोजायला लावून उपयोग होत नाही. झाकणावर थाप मारत मोठ्याने 'चाऽर' म्हणायला सांगा, एक श्वास घेऊ द्या, मग बाहेर 'पाच, सहा'. ती थाप फार कामाची आहे. चार हा आकडा लाटेखाली ठेवून आलो, असं हाताला कळतं.

यासाठी आपल्या बाजारात एक नेमका शब्द तयार आहे. मासे घेताना बायका म्हणतात, "पाच दिलंस, आता वर येक घाल गो." हा 'वर' म्हणजे पुढे मोजणं. पाच पुन्हा मोजायचे नाहीत, ते टोपलीत पडले. त्यांच्या वर एक, सहा. मी वर्गात 'अधिक' हा शब्द कितीतरी उशिरा आणायची. आधी 'पाचाच्या वर दोन', 'चाराच्या वर तीन'. मासळीबाजारात आईबरोबर गेलेल्या मुलाला हे सांगावंच लागत नाही. तुम्ही लेकीला सोबत नेत असाल तर मोजायचं काम तिला द्या. वाटा घेतला की वाट्यात किती, वर किती टाकले, पिशवीत किती झाले. फक्त पावसाळ्यात, जून-जुलैत, यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा हाच खेळ सुपारीवर किंवा अंड्यांवर खेळा.

चित्रातली मांडणीही महत्त्वाची आहे. तीन-चार वस्तू माणसाला न मोजता एका नजरेत कळतात, लहान मुलालाही. पाच-सहा विखुरलेल्या असल्या की मोजाव्या लागतात. पण त्याच पाच ओळखीच्या आकारात असल्या तर पुन्हा नजरेत येतात. निसर्गात असे आकार भरपूर आहेत. पळसाला पाने तीनच, हे आपण म्हणीत म्हणतो, तेच तीनचं चित्र म्हणून वापरा. बेलाचंही तसंच. जास्वंदीला, तगरीला पाच पाकळ्या. तारामाशाला बहुधा पाच हात. फुलपाखराचे पंख चार, दोन आणि दोन. मुंगीचे पाय सहा, तीन इकडे आणि तीन तिकडे. कोळ्याचे आठ, चार आणि चार. मुंगीचं चित्र दाखवून 'एका बाजूला तीन, मग सगळे किती?' असं विचारलं की दुपटीच्या बेरजा खेळता खेळता येतात, आणि दुपटी पक्क्या झाल्या की ३ + ४ सारख्या शेजारच्या बेरजा त्यांच्या आधाराने सुटतात: तीन आणि तीन सहा, वर एक, सात.

सगळ्यांत लाडका माझा खेकडा. त्याच्या एका बाजूला चार पाय आणि एक नांगी, आमच्याकडे त्याला डेंगा म्हणतात. दोन्ही बाजू मिळून दहा. खेकड्याचं एक मोठं चित्र वर्गात कायम टांगलेलं असायचं आणि दहाच्या सगळ्या जोड्या आम्ही त्यावर केल्या. डेंगे दोन, पाय आठ: दोन आणि आठ. एका बाजूचे पाच, दुसऱ्या बाजूचे पाच. एक डेंगा मोडला तर नऊ आणि एक. पाय रंगवायला दिले: तीन लाल, बाकीचे किती काळे? मुलांना आपल्या हातांची बोटंही तशीच दिसायला लागतात, कारण तिथेही पाच आणि पाचच. बोटं वापरू द्यायची का, हा पुढचा प्रश्न पालक नेहमी विचारतात. द्या. बोटं दडवून मोजणारं मूल मागे पडतं, बोटं मोकळेपणी वापरणारं मूल एक दिवस ती आपणहून सोडतं.

एक अडचण मात्र सुरुवातीला माझ्या लक्षात आली नव्हती. एका चित्रात मी तीन बगळे आणि दोन खंड्या काढले आणि विचारलं, 'सगळे मिळून किती?' वर्ग गप्प. मग एक मुलगी म्हणाली, 'तीन बगळे आणि दोन खंड्या.' तिचं उत्तर चुकीचं नव्हतं. बगळे आणि खंड्या मिळून पाच काय? त्या पाचांना एक नाव हवं, पक्षी. सारखं नाव सापडल्याशिवाय बेरीज होत नाही. पुढे हाच विषय रंगला. बांगडे आणि सौंदाळे मिळून मासे, हे सगळ्यांना पटलं. कोळंबी आली तेव्हा वाद झाला: "सुंगटा काय मासे न्हय!" मग 'मासळी' म्हणायचं ठरलं, त्यात सगळी बसली. तिसरीत-चौथीत मुलं मीटर आणि सेंटिमीटर तसेच मिळवतात तेव्हा मला हा वाद आठवतो. म्हणून पहिले काही आठवडे एकाच जातीची चित्रं द्या. मग मुद्दाम दोन जाती मिसळा आणि नाव तिलाच शोधू द्या.

गर्दीची चित्रं टाळा. वेळास किंवा आंजर्ले इथली कासवाची पिल्लं समुद्राकडे निघालेली छायाचित्रं मुलांना फार आवडतात, मलाही. पण ऑलिव्ह रिडले एका खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी घालतं. ती छायाचित्रं गप्पांना वापरा, बेरजेला नको. मोबाइलवरच्या छायाचित्रापेक्षा हाताने काढलेली साधी रेघ बरी, कारण छायाचित्रात मागचं माडाचं बन, पाण्यातलं प्रतिबिंब, अर्धवट दिसणारा पक्षी असं सगळं असतं. मूल प्रतिबिंबही मोजतं, आणि त्याचं काही चुकत नाही.

चित्रांबरोबर एक खेळ रोज पाच मिनिटं खेळा. चिंचोके फोडा. प्रत्येक फोडीची एक बाजू पांढरी, एक तपकिरी. आपल्या आज्या पटाच्या खेळात फासे म्हणून हेच टाकायच्या. पाच फोडी ओंजळीत खुळखुळवून टाका. किती पांढरे पडले, किती तपकिरी? तीन आणि दोन. पुन्हा टाका. चार आणि एक. पुन्हा. पाच आणि काहीच नाही. ती चित्र काढून नोंद करू दे, पांढऱ्यासाठी रिकामं गोल, तपकिरीसाठी भरलेलं. आठवडाभरात तिला कळतं की टाकलं कसंही तरी पाच ते पाचच, आणि पाचाच्या जोड्या ठरलेल्या आहेत. मग सहा फोडी, सात, दहा. दुसरा प्रकार करवंटीचा: पाच चिंचोके ठेवायचे, तिने डोळे मिटायचे, तुम्ही काही करवंटीखाली लपवायचे. बाहेर दोन दिसतात, आत किती? इथे मोजायला काही नाहीच, विचारच करावा लागतो.

बियांवरून एक गंभीर सूचना. लाल-काळ्या गुंजा दिसायला सुंदर, मोजायला सोयीच्या, पण त्या विषारी आहेत. बी चावली गेली तर जिवावर बेतू शकतं. मुलांच्या हातात गुंजा देऊ नका. ओल्या काजूबियाही नकोत, टरफलातल्या चिकाने हाताची आणि ओठांची कातडी जळते. किनाऱ्यावरचे शिंपले आणताना आत जिवंत प्राणी नाही ना हे बघा आणि धुऊन वापरा. घरात तीन वर्षांच्या आतलं भावंड असेल तर चिंचोके वर ठेवा.

आता चिन्ह कधी आणायचं? ती झाकलेल्या चित्रावर पुढे मोजायला लागली आणि चित्राची गोष्ट न बघता सांगू लागली की. मग त्या गोष्टीखाली ती गोष्ट 'थोडक्यात लिहायची' म्हणून आकडे लिहा. 'तीन बगळे होते' म्हणताना ३, 'आणखी दोन आले' म्हणताना + २, 'सगळे झाले पाच' म्हणताना = ५. प्रत्येक तुकडा बोलत बोलत. काही दिवसांनी उलटं करा: नुसतं ४ + ३ लिहून द्या आणि म्हणा, 'याची गोष्ट सांग, चित्र काढ.' तुमच्या प्रश्नातली अडचण सुटायची जागा हीच. ती ३ + २ बघून गप्प बसते कारण त्या चिन्हांमागे तिला काही दिसत नाही. एकदा आकड्यांवरून चित्र काढता आलं की मग चित्र काढायची गरज हळूहळू संपते. अधूनमधून ५ = ३ + २ असंही लिहा, चिंचोक्यांच्या खेळात ते सहज बसतं. नाहीतर मुलांना बरोबरच्या चिन्हाचा अर्थ 'आता उत्तर लिहा' एवढाच वाटतो. आणि शून्याला विसरू नका. तीन अंडी असलेलं घरटं आणि शेजारी रिकामं घरटं, याहून चांगला शून्य मला अजून मिळालेला नाही.

उत्तर चुकलं तर आधी तोंडी विचारा. देवनागरीत ३ आणि ६ एकमेकांची आरशातली रूपं वाटतात, १ आणि ९ मध्ये एका वळणाचा फरक. सहा म्हणणारी मुलगी ३ लिहून जाते आणि आपण समजतो की बेरीज चुकली. माझ्या वर्गात पहिल्या सहामाहीतल्या बऱ्याच 'चुका' या हस्ताक्षराच्या निघायच्या.

दहाच्या पुढे गेल्यावर मराठीतली संख्यानावं आडवी येतात. अकरा, बारा, तेरा यांत दहा आणि एक, दहा आणि दोन ऐकूच येत नाही. एकोणीसमध्ये तर वीसच ऐकू येतो. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन दिलं तेव्हा राज्यभर वाद झाला, बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांना त्याची बाजू मांडावी लागली. मी दोन्ही वापरते. नऊ आणि चार करताना खेकडा पूर्ण करायचा: नऊ पायांना चारातला एक दिला, दहा झाले, उरले तीन. 'दहा आणि तीन, म्हणजे तेरा.' दोन्ही वाक्यं एका श्वासात म्हणायची. तेरा हा शब्द राहिला, त्याच्या पोटातला दहाही दिसला. पण हे तुमच्या लेकीसाठी पुढच्या वर्षाचं आहे.

घाईविषयीही सांगते, कारण शिकवणीला घालू का असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. २०२१ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत या पायाभूत शिक्षणाच्या अभियानात पहिलीच्या आधीच्या मुलाकडून दहापर्यंतचे अंक ओळखून वाचता यावेत एवढी अपेक्षा आहे. साधी बेरीज-वजाबाकी पहिलीत येते. तुमच्या मुलीला मागे पडल्यासारखं वागवायचं काहीही कारण नाही. शिकवणीत तिला बेरजांची पानं भरायला मिळतील, आणि पानं तर ती आत्ताही बरोबर भरते. तोच वेळ तुम्ही तिच्याबरोबर पडवीत बसा. दहा मिनिटं पुरतात. ती कंटाळायच्या आधी थांबा.

आज रात्री एका कागदावर खाजण, म्हणजे खाडीकाठची दलदल काढा, पाण्याची रेघ आणि दोन-चार गवताच्या काड्या. तिच्याकडून चार बगळे काढून घ्या. त्यांच्यावर करवंटी नाहीतर वाटी पालथी घाला आणि सांगा, 'आता आणखी काही बगळे येतायत. किती येणार ते तू ठरव, आणि तूच काढ.' मग वाटीवर थाप मारायला सांगा.